गाणं घरातल्या खोलीत तयार झालं, पण ते नक्की कुणाचं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत दुपारच्या वेळी शिरा. एका घरातून यंत्रमागाची खडखड ऐकू येते. शेजारच्या घरात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. घर हाच कारखाना असू शकतो, हे सोलापूरकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता समजा, त्याच गल्लीतल्या तिसऱ्या घरात एक नवीन काम सुरू झालंय. दार बंद, पंखा बंद, खिडकीवर जाड चादर. आत एक पोरगं हेडफोन लावून तीच ओळ अकराव्यांदा म्हणतंय. बाहेर मित्र विचारतोय, "काय बे, गाणं काढलास म्हणे?"

गेल्या काही वर्षांत तुमच्या रील्सवर वाजलेली बरीच गाणी अशाच छोट्या सेटअपमधून आली आहेत. मोठा स्टुडिओ नाही, पन्नास वादकांचा ताफा नाही, सिनेमा तर नाहीच. लॅपटॉप, माईक आणि एक-दोन माणसं, एवढंच. त्या गाण्यांत लावणीचा ठसका असतो, खाली हाउसचा ठोका असतो आणि मध्येच रॅप येतो.

हे सगळं ऐकायला भारी वाटतं. पण यात एक पेच आहे, आणि तो सोलापूरच्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवा. माग घरात असला म्हणून कापड आपल्या मालकीचं होत नाही. मग खोली आपली, आवाज आपला, म्हणजे गाणंही आपलंच असतं का?

चला, सुरुवातीपासून बघूया.

पुण्यातल्या खोलीतलं पोरगं

घरी बसून गाणी करणाऱ्या भारतीय कलाकारांत एक नाव हमखास निघतं, ते म्हणजे रित्विझ. पूर्ण नाव रित्विझ श्रीवास्तव. जन्म बिहारमधल्या दरभंग्याचा, पण वाढला पुण्यात.

घरात शास्त्रीय संगीताचं वातावरण होतं. लहान वयातच तो ध्रुपद शिकायला लागला, तेही पुण्यात राहणारे ज्येष्ठ ध्रुपद गायक पंडित उदय भवाळकर यांच्याकडे. ध्रुपद ही हिंदुस्तानी संगीतातली जुनी आणि धीरगंभीर गायकी. एकेक स्वर संथपणे उलगडत न्यायचा आणि तालाला पखवाज. शिकणाऱ्याची चिकाटी बघणारा प्रकार.

एकीकडे हे शिक्षण चालू होतं आणि दुसरीकडे हा शाळकरी पोरगा संगणकावर एफएल स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर उघडून बीट्स बनवत होता. म्हणजे गुरूकडे आलाप आणि घरी इलेक्ट्रॉनिक ड्रम. पुढे दोन्ही गोष्टी एकाच गाण्यात आल्या.

२०१७ मध्ये 'बकार्डी हाउस पार्टी सेशन्स' या उपक्रमातून त्याचं 'उड गए' हे गाणं आलं आणि देशभर वाजलं. त्यानंतर 'जीत', 'बरसो', 'सेज', 'लिगी', 'ठंडी हवा' अशी गाणी एकामागोमाग येत राहिली. २०२२ मध्ये 'मिमी' हा अल्बम आला, आईसोबतच्या नात्याभोवती फिरणारा.

त्याच्या कामात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे लिहिणं, चाल लावणं, गाणं आणि पूर्ण संगीत उभं करणं ही चारही कामं तो स्वतः करतो. दुसरी म्हणजे त्याचं गाणं कुठल्या कप्प्यात टाकायचं हे कुणालाच नीट सांगता येत नाही. त्याला पॉप म्हणावं तर सुरावट रागदारीतली आहे, शास्त्रीय म्हणावं तर लोक त्यावर नाचतात आणि इलेक्ट्रॉनिक म्हणावं तर गळा ध्रुपद शिकलेला आहे.

असं गाणं घेऊन एखाद्या कंपनीच्या ऑफिसात गेलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, "हे विकायचं कुठल्या नावाने?" स्वतःच्या खोलीत हा प्रश्न विचारणारं कुणी नसतं.

ही फॅशन नवी नाही, १९८२ सालची गोष्ट ऐका

घरी गाणं करणं हा इंस्टाग्रामच्या काळातला शोध आहे असं वाटत असेल, तर १९८२ मध्ये जाऊया.

त्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतला रॉकस्टार ब्रूस स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या एका भाड्याच्या घरात बसला होता. समोर चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. नवीन गाणी बँडला ऐकवायची म्हणून त्याने कच्चं रेकॉर्डिंग केलं. नंतर बँडसोबत स्टुडिओत तीच गाणी वाजवून बघितली, पण घरच्या कॅसेटमधली मजा काही येईना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' नावाचा अल्बम म्हणून बाजारात आली. आज तो त्याच्या उत्तम कामांत गणला जातो.

त्याच वर्षी आपल्या मुंबईत दुसरी गोष्ट घडत होती. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत बेस, गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे वादक. त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तेव्हा नुकतीच आलेली यंत्रं होती, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८. ही यंत्रं एकमेकांना जोडून ते घरी प्रयोग करत बसायचे. त्यातून भैरव, ललत, यमन अशा रागांना सरळ डिस्कोच्या ठोक्यावर बसवलेला एक अल्बम निघाला. नाव होतं 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. रेकॉर्ड एचएमव्हीने काढली. फार कुणी घेतली नाही आणि विषय संपला.

संपला म्हणजे लोक विसरले. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोतल्या 'फ्यूचर' या ग्रुपने त्याच टीबी-३०३ यंत्रातून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा नवा संगीतप्रकार जगभर पसरला. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती चरणजित सिंगांची जुनी रेकॉर्ड लागली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली आणि लोक चाट पडले. शिकागोत जे १९८७ मध्ये घडलं, त्याच्याशी मिळतंजुळतं काहीतरी मुंबईतला एक वादक १९८२ मध्येच करून बसला होता. उतारवयात त्यांना परदेशातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

यातून एक गोष्ट कळते. वेगळं गाणं करायला हिंमत आणि यंत्रं तेव्हाही होती. नव्हती ती ते गाणं ऐकणाऱ्यापर्यंत थेट नेण्याची वाट.

वाट उघडली, आणि मराठी गाणं सुसाट निघालं

ही वाट आधी यूट्यूबने आणि नंतर स्ट्रीमिंगने उघडली. लंडनच्या जेकब कॉलियरने घरातल्या खोलीत सगळी वाद्यं स्वतः वाजवून २०१६ मध्ये 'इन माय रूम' हा अल्बम काढला, जॅझपासून लोकसंगीतापर्यंत सगळं एकत्र घोटून. पुढच्याच वर्षी त्यातल्या गाण्यांच्या संगीत-संयोजनासाठी त्याला दोन ग्रॅमी मिळाले. बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम तिच्या भावाच्या बेडरूममध्ये तयार झाला होता.

आपल्याकडे फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय आलं. त्याआधी स्वस्त डेटा आला होता आणि नंतर रील्स आल्या. मग २०२४ हे वर्ष मराठी गाण्यांसाठी वेगळंच ठरलं.

जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' आलं. शब्द, चाल आणि आवाज त्याचाच, संगीत-निर्मिती जी-स्पार्कची. ना सिनेमा, ना कुठला मोठा हिरो. तरी लग्नाच्या वरातीपासून परदेशातल्या रील्सपर्यंत ते वाजलं.

त्याच वर्षी क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे, आणि रॅपर श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' आलं. हाउस संगीतावर अस्सल मराठी बोल. हे गाणं काढलं नेदरलँड्सच्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स'ने. जगभरचे डीजे ज्या लेबलकडे डोळे लावून बसतात, त्यावरचं पहिलं मराठी गाणं म्हणून त्याची चर्चा झाली.

यातला एकही जण पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहातल्या भावगीताच्या परंपरेतून आलेला नाही. मराठी गाणं म्हणजे काय, याची व्याख्याच या पोरांनी मोठी केली.

घरी केलेल्या गाण्यांतच एवढी मिसळ का असते?

याचं पहिलं कारण अगदी साधं आहे, मीटर. स्टुडिओ तासावर मिळतो. घड्याळ चालू असलं की माणूस ठरलेलं वाजवतो आणि निघतो. घरी रात्री दोन वाजता हलगीवर सिंथ लावून बघितलं आणि ते बिघडलं, तर नुकसान फक्त झोपेचं होतं.

दुसरं कारण म्हणजे कान. सगळं एकच माणूस करत असेल तर त्याने आयुष्यभर जे ऐकलं ते सगळं गाण्यात उतरतं. आता सोलापुरात वाढलेल्या पोराने काय काय ऐकलेलं असतं बघा. घरात मराठी किंवा तेलुगू, शेजारी कानडी, बाजारात दख्खनी उर्दू. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या दिंड्यांचे टाळ-मृदंग, एप्रिलमध्ये भीमगीतं आणि वर्षभर तेलुगू सिनेमाची गाणी. या पोराला 'फ्यूजन' कुणी शिकवावं लागत नाही, कारण त्याचं घर ते बस स्टँड हा रस्ताच फ्यूजन आहे.

आणि हे आजचं नाही. पेशवाईच्या उत्तरकाळातले शाहीर राम जोशी मूळचे सोलापूरचे. संस्कृत शिकलेला हा माणूस तमाशाच्या फडात रमला, नंतर कीर्तनही केलं. संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदुस्तानी अशा वेगवेगळ्या भाषा एकत्र आणणारी लावणी त्यांच्या नावावर आहे. सोलापूर जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यातही आहे, कव्वालीतही आहे आणि भीमगीतातही.

त्यामुळे मिसळ करणं ही आपली जुनीच सवय. बदललं ते एवढंच, की आता फड किंवा कंपनी न शोधताही ती जगाला ऐकवता येते.

खोलीत नक्की काय काय लागतं?

पहिली गोष्ट, लॅपटॉप किंवा बरा फोन आणि त्यावर गाणं जुळवायचं सॉफ्टवेअर. यात आवाज, ड्रम, बेस, तबला असे वेगवेगळे थर एकाखाली एक मांडता येतात. बँडलॅब फुकट आहे, अ‍ॅपलवाल्यांना गॅरेजबँड फुकट मिळतं, एफएल स्टुडिओ विकत घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, माईक आणि ऑडिओ इंटरफेस. इंटरफेस म्हणजे माईकमधला आवाज संगणकाला कळेल अशा भाषेत बदलणारी छोटी पेटी.

तिसरी गोष्ट, चांगले हेडफोन. चौथी गोष्ट मात्र पैशाने मिळत नाही, ती म्हणजे शांतता.

रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत माईकमध्ये येतो आणि गाणं बाथरूममध्ये म्हटल्यासारखं वाटतं. त्याला जाड कापडाचा उपाय आहे. गोधडी, गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट किंवा आपली जीआय मानांकन मिळालेली सोलापुरी चादर दुमडून माईकच्या मागे आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगली की घुमणं बरंच कमी होतं.

पण एक गैरसमज आधीच काढून टाका. चादर खोलीतला आवाज शोषते, बाहेरचा थांबवत नाही. शेजारचा माग चालू असेल तर तो रेकॉर्डिंगमध्ये येणारच. म्हणून घरी गाणारे बहुतेक जण रात्री गातात. आणि मे महिन्यातल्या सोलापुरात पंखा बंद करून गायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच विचारा.

गाणं तयार झालं, आता ते लोकांपर्यंत कसं जातं?

स्पॉटिफाय किंवा अ‍ॅपल म्युझिकवर आपण स्वतः थेट गाणं टाकू शकत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर अशा कंपन्या हे काम करतात. कुणी वर्षाची फी घेतं, कुणी कमाईतला हिस्सा घेतं. त्या बदल्यात तुमचं गाणं सगळ्या अ‍ॅप्सवर पोहोचवतात आणि आलेले पैसे तुमच्याकडे वळवतात.

तिथे गाण्याला १२ अक्षरी-अंकी ओळख क्रमांक मिळतो. त्याला आयएसआरसी म्हणतात. हे गाण्याचं आधार कार्ड समजा. गाणं जगात कुठेही वाजलं तरी त्याचा हिशोब या क्रमांकावर लागतो.

इथे नीट बघायची गोष्ट अशी, की डिस्ट्रिब्युटर हा मालक नसतो. तो टेम्पोवाला आहे, माल पोहोचवतो. लेबल हा वेगळा प्रकार. लेबल पैसे लावतं, प्रसिद्धी करतं, आणि बदल्यात बहुतेक वेळा गाण्यावरचे हक्क मागतं. दोघांचे करार फोनवर सारखेच दिसतात, खाली 'आय अ‍ॅग्री'चं तेच बटण असतं. घोळ तिथेच होतो.

पैसे किती मिळतात? विडीचा हिशोब इथेही लागतो

विडी कामगाराची मजुरी हजार विड्यांवर ठरते. स्ट्रीमिंगचा हिशोबही साधारण हजाराच्या भाषेतच बोलला जातो, पण त्यात दोन फरक आहेत.

पहिला फरक, इथे ठरलेला दर नाही. स्पॉटिफाय दर स्ट्रीममागे अमुक पैसे असं देत नाही. वर्गणी आणि जाहिरातींतून आलेल्या एकूण रकमेतला हिस्सा, एकूण ऐकण्यात तुमचं गाणं किती होतं त्या प्रमाणात वाटला जातो. भारतातली वर्गणी स्वस्त आहे आणि बरेच जण फुकटच ऐकतात, म्हणून इथल्या हजार स्ट्रीमचे पैसे अमेरिकेतल्या हजार स्ट्रीमपेक्षा बरेच कमी पडतात.

दुसरा फरक, स्ट्रीम मोजला जाण्यासाठी गाणं किमान ३० सेकंद ऐकलं गेलं पाहिजे. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केलाय, की आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. हजार विड्या पूर्ण नाहीत तर मजुरी शून्य, अशातला हा प्रकार.

यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि सोबत वर्षभरात ४,००० तास पाहणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, अशी अट आहे.

म्हणजे गाण्याच्या थेट पैशावर घर चालवणं बहुतेकांना जमत नाही. खरी कमाई कार्यक्रम, जाहिराती आणि दुसऱ्यांसाठी केलेल्या कामातून होते. पण म्हणून गाण्याचे हक्क सोडून द्यावेत का? अजिबात नाही. कारण कुठलं गाणं दोन वर्षांनी अचानक वर येईल हे कुणालाच माहीत नसतं. चरणजित सिंगांचं २८ वर्षांनी वर आलं!

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात

हा भाग दोनदा वाचा, कारण भांडणं इथेच होतात.

पहिली मालमत्ता म्हणजे रचना, शब्द आणि चाल. ती गीतकार आणि संगीतकाराची.

दुसरी मालमत्ता म्हणजे ध्वनिमुद्रण, ज्याला सगळे 'मास्टर' म्हणतात. म्हणजे त्या दिवशी त्या माईकवर रेकॉर्ड झालेली फाइल. भारतीय कायद्यानुसार ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारीने रेकॉर्डिंग घडवून आणलं, तो त्याचा निर्माता आणि म्हणून पहिला मालक. कंपनीने स्टुडिओ घेऊन गाणं केलं तर मास्टर साधारणपणे कंपनीचा. तुम्ही स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या हिमतीवर केलं तर मास्टर तुमचा.

घरी गाणं करण्याचा खरा फायदा हा आहे. लोक म्हणतात, "स्टुडिओचं भाडं वाचलं." भाडं वाचणं छोटी गोष्ट झाली, मोठी गोष्ट म्हणजे मालकी. १९८० च्या दशकात कॅसेटचा सुकाळ होता तेव्हा कितीतरी लोककलावंत एकदाच ठरलेली रक्कम घेऊन गाऊन आले. कॅसेट नंतर कितीही खपली तरी पुढे त्यांचा संबंध संपला. सूत मालकाचं असलं की कापड मालकाचं, तसंच.

कॉपीराइट मिळवायला नोंदणीची सक्ती नाही. गाणं लिहिलं, रेकॉर्ड केलं, की हक्क तयार होतो. रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे विशीत केलेलं गाणं नातवंडांनाही पैसे देऊ शकतं, जर विशीतच विकून टाकलं नसेल तर.

कायदा कलाकाराच्या बाजूने आहे का?

बऱ्यापैकी आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला होता.

या दुरुस्तीमुळे गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही. करारात "सोडला" असं लिहून घेतलं तरी ते चालत नाही. फक्त वारसांना किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीला तो देता येतो.

हक्क दुसऱ्याला द्यायचे असतील तर करार लेखी आणि सहीनिशी लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणूनच तयार करारांत 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगभर' हे दोन शब्द हमखास सापडतात. हे दोन शब्द दिसले की थांबा, वकिलाला दाखवा, मगच सही करा.

रचनेची रॉयल्टी गोळा करायचं काम आयपीआरएस ही संस्था करते, १९६९ पासून. तुम्ही लिहीत असाल किंवा चाली लावत असाल तर तिचं सदस्य व्हा आणि गाणी नोंदवा. इथे बरेच जण चुकतात. त्यांना वाटतं डिस्ट्रिब्युटरकडून आले तेवढेच पैसे. ते तर मास्टरचे झाले. रचनेचे वेगळे असतात आणि नोंदणी नसेल तर ते तुमच्यापर्यंत येतच नाहीत.

आणि आपण दुसऱ्याचं काय घेतोय?

इथपर्यंत वाचून "कंपन्या लुबाडतात" असं वाटत असेल तर आता आरसा आपल्याकडे फिरवूया.

यूट्यूबवरून 'फ्री टाइप बीट' उतरवला आणि त्यावर रॅप केला. त्या वर्णनात खाली लिहिलेलं असतं की पैसे कमवायचे नसतील तरच फुकट. गाणं चाललं की बीटवाल्याचा दावा येतो आणि कमाई तिकडे वळते. बीटचं लायसन्स आधीच घ्या, पावती जपून ठेवा.

अभंगावर लो-फाय करायचंय? तुकाराम महाराजांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यांवर कुणाचा कॉपीराइट नाही. पण तुमच्या डोक्यात जी चाल घोळतेय ती कुणाची आहे हे तपासा. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले. त्यांनी लावलेल्या चालींवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत राहील. शब्द घ्या, चाल स्वतःची लावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हलगीवाला. गाण्याला 'गावरान टच' हवा म्हणून यात्रेत हलगी वाजवणाऱ्याचं फोनवर रेकॉर्डिंग केलं आणि लूप करून गाण्यात टाकलं. गाणं व्हायरल झालं. त्या माणसाचं नाव कुठे आहे? वादकालाही आपल्या वादनावर कायद्याने हक्क असतो, ५० वर्षांचा. त्याला विचारा, पैसे द्या, क्रेडिटमध्ये नाव लिहा. कॅसेटवाल्यांनी जे केलं म्हणून आपण नाक मुरडतो, तेच लॅपटॉपवरून करायचं नाही.

मित्रांमध्येही हेच. दोघांनी मिळून गाणं केलं तर ते रिलीज करण्याआधीच एका कागदावर लिहून टाका, शब्द कुणाचे, चाल कुणाची, बीट कुणाचा आणि कुणाला किती टक्के. याला स्प्लिट शीट म्हणतात. एक पान पुरतं. गाणं पडलं तर तो कागद रद्दी, पण चाललं तर मैत्री वाचवणारा तोच.

तर मग, गाणं कुणाचं?

रित्विझची गोष्ट सांगताना लोक नेहमी बेडरूमचं कौतुक करतात. पण बेडरूम सगळ्यांकडेच असते, निदान घराचा एखादा कोपरा तरी. त्याच्याकडे त्या खोलीत शिरण्याआधी वर्षानुवर्षांचा रियाज होता आणि पहिलं गाणं गाजल्यावरही पुढची गाणी करत राहण्याची सवय होती. सॉफ्टवेअर तुम्हाला तीन मिनिटांत बीट देईल, कान मात्र देणार नाही. ते सोलापूरच्या गल्लीत, यात्रेत, दिंडीत आणि आजीच्या ओव्यांत तयार होतात.

राहिला मालकीचा प्रश्न. विडी घरात वळली जाते, पण तिच्या बंडलावर छाप कंपनीची असते. पिढ्यानपिढ्या घरात काम करूनही वळणाऱ्या बाईचं नाव त्यावर कधी आलं नाही, कारण पान तिचं नव्हतं, तंबाखू तिची नव्हती आणि छापही तिची नव्हती.

गाण्याच्या बाबतीत पहिल्यांदाच हे तिन्ही आपल्याकडे असू शकतं. शब्द आपले, सूर आपले आणि नावही आपलं. त्यासाठी महागडा माईक घेण्याआधी स्प्लिट शीटचा एक कागद लिहा, आयपीआरएसचा अर्ज भरा आणि समोर आलेला करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मग खुशाल चादर टांगा, पंखा बंद करा आणि बाराव्यांदा ती ओळ म्हणा.